साडेतीन वर्षांचा खंड आणि अर्जासोबतचं पत्र

वाचकाचं पत्र

मी बी.कॉम. आहे. मिरजेत इलेक्ट्रिकल मालाच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे 2016 ते मे 2022 अकाउंट्स सांभाळत होते. मुलगी झाली, त्यातच सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, म्हणून नोकरी सोडावी लागली. आता मुलगी शाळेत जाते, सासूबाईही बऱ्याच सावरल्या आहेत. दिवाळीपासून कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना अर्ज पाठवते आहे, पण मुलाखतीला एकाही ठिकाणाहून बोलावणं आलेलं नाही. बायोडेटाबरोबर जे कव्हर लेटर जोडते ते, आणि बायोडेटाही, सोबत पाठवते आहे. ते शेजारच्या मुलाने चॅटजीपीटीवर करून दिलं. इंग्रजी छान आहे, तरी उपयोग होत नाही. असं पत्र कुणी वाचतं तरी का? खंडाबद्दल लिहावं की गप्प बसावं? दीर म्हणतात, ओळखीच्या दुकानातून मधल्या वर्षांचा अनुभवाचा दाखला घेऊन टाक. शिरोलीच्या एका फौंड्रीची आणि कुपवाडच्या एका कारखान्याची जाहिरात सोबत पाठवते, कुपवाडला मनापासून काम करायचं आहे. तसं माझं काम चांगलं होतं. 2021 मध्ये शेठचं सव्वादोन लाखांचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकलं होतं, एकेका सप्लायरच्या मागे लागून मी ते सोडवलं होतं. पण आता त्याचं काय.

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सव्वादोन लाखांचं अडकलेलं क्रेडिट सोडवलं, हे तुम्ही मला, एका अनोळखी माणसाला, जाता जाता सांगून टाकलंत. आणि ज्या कारखान्यांकडे नोकरी मागताय, त्यांच्यापैकी एकालाही ते सांगितलं नाहीत. तुम्ही जोडलेलं कव्हर लेटर मी नीट वाचलं. त्यात तुम्ही मेहनती आहात, प्रामाणिक आहात, दडपणाखाली काम करू शकता, नवं शिकायची आवड आहे, संधी दिल्यास तिचं सोनं कराल, हे सगळं आहे. क्रेडिटचा शब्दही नाही. ते पत्र उचलून एखाद्या नर्सच्या किंवा स्टोअरकीपरच्या अर्जाला जोडलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही. बोलावणं न येण्याचं मोठं कारण मला इथेच दिसतं.

चॅटजीपीटीला दोष देण्यात अर्थ नाही. शेजारच्या मुलाने त्याला एवढंच सांगितलं असणार की अकाउंटंटच्या नोकरीसाठी पत्र लिही. तुम्ही मिरजेत काय केलंत हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असंच त्याने लिहिलं. स्पेलिंग आणि व्याकरण तपासायला ते जरूर वापरा. मजकूर मात्र तुमच्याकडूनच यायला हवा.

असं पत्र कुणी वाचतं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात भरतीचं काम केलं आहे, त्यामुळे स्पष्टच सांगते. सगळी पत्रं वाचली जात नाहीत. नोकरीच्या पोर्टलवरून एका बटणावर आलेल्या शेकडो अर्जांत बायोडेटावर नजर फिरते, शिक्षण, अनुभव, गाव एवढं पाहिलं जातं. एखाद्या मुलाचा अनुभव सलग आहे, तो त्याच कामासाठी त्याच भागात अर्ज करतोय, तर पत्र नसलं तरी त्याचं फारसं अडत नाही. पत्राची खरी गरज कुणाला असते? ज्यांचा बायोडेटा पाहून वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो त्यांना. मधली वर्षं कुठे गेली? पुण्यात राहणारा माणूस कुपवाडला का येतोय? बँकेतला माणूस कारखान्यात कशाला? बायोडेटात या प्रश्नांना जागा नसते, आणि वाचणारा फोन करून विचारत बसत नाही, तो पुढचा कागद उचलतो. तुमच्या बायोडेटात मे 2022 नंतर काहीच नाही, म्हणून तुमच्यासाठी पत्र फार महत्त्वाचं आहे. तो प्रश्न पत्राने मिटवला पाहिजे, आणि लगेच त्यांच्या कामाबद्दल बोललं पाहिजे.

आता ती कुपवाडची जाहिरात समोर ठेवा. अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा आहे. टॅली प्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी रिटर्न आणि 2बी मॅचिंग, बँक रिकन्सिलिएशन (आपले हिशेब बँकेच्या नोंदींशी जुळवणं), येणी वसुलीचा पाठपुरावा, तीन ते पाच वर्षांचा अनुभव, लवकर रुजू होणाऱ्यास प्राधान्य. जाहिरातीत इतर गोष्टी दोन-दोन शब्दांत उरकल्या आहेत, पण 2बी मॅचिंग मुद्दाम वेगळं लिहिलं आहे. तिथे थांबा. तुम्हाला हे माहीत आहे, पण नोकरी देणाऱ्याच्या बाजूने एकदा बघा. माल पुरवणाऱ्यांनी त्यांची जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण, महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायची, त्यावरून 14 तारखेला आपली 2बी, म्हणजे मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होते आणि 20 तारखेपर्यंत आपल्याला 3बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, भरायची असते. मधल्या पाच-सहा दिवसांत खरेदीचं रजिस्टर 2बीशी जुळवायचं. एखाद्या सप्लायरने बिल दाखवलंच नसेल, किंवा जीएसटी नंबर चुकवला असेल, तर त्या बिलावरचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे मालकाने सप्लायरला करासकट पैसे दिलेले असतात आणि वर तेवढाच कर सरकारला रोख भरावा लागतो. ज्या कारखान्यात महिन्याला शे-दीडशे खरेदीची बिलं येतात, तिथे हा ताप दर महिन्याचा असतो. ही जाहिरात ज्याने लिहिली त्याला नेमकं याच कामाला माणूस हवाय, आणि नेमकं हेच काम तुम्ही केलेलं आहे.

म्हणून पत्राची सुरुवात त्या सव्वादोन लाखांपासून करा. नाव, शिक्षण, जाहिरात कुठे पाहिली हे सगळं नंतर किंवा विषयाच्या ओळीत. काम कसं केलंत तेही दोन वाक्यांत आलं पाहिजे, कारण नुसता आकडा कुणीही लिहितं. किती सप्लायर होते, काय चुकलं होतं, तुम्ही काय केलंत. पत्रात तुम्ही म्हणता की एकेकाच्या मागे लागलात. मागे लागलात म्हणजे काय केलंत? बिलाची प्रत पाठवलीत, दुरुस्ती कोणत्या महिन्याच्या रिटर्नमध्ये करायची ते सांगितलंत, पुढचं पेमेंट थांबवायला शेठना सांगितलंत? त्यातलं जे खरं असेल ते लिहा. अकाउंट्सचा माणूस ते वाचून लगेच ओळखतो की हिने हे प्रत्यक्ष केलेलं आहे.

मी नमुना मराठीतच देते, कारण आधी तुम्हीही मराठीत लिहावं अशी माझी इच्छा आहे. विचार मराठीत पक्का झाला की तो छोट्या छोट्या सोप्या इंग्रजी वाक्यांत उतरवता येतो. साधं पण बिनचूक इंग्रजी चालतं. कारखान्यातल्या अकाउंट्स मॅनेजरला भारी शब्दांची अपेक्षा नसते. नमुन्यातले तपशील मी तुमच्या पत्रावरून घेतले आहेत, सप्लायरची संख्या आणि पद्धत तुमची खरी ती भरा.

*माननीय महोदय, आपल्याला 2बी मॅचिंग आणि जीएसटी रिटर्नचं काम सांभाळणारी व्यक्ती हवी आहे. मिरजेतल्या इलेक्ट्रिकल मालाच्या डिस्ट्रिब्युटरकडे मी सहा वर्षं अकाउंट्स सांभाळले, त्यात हे कामही केलं. 2021 मध्ये आमचं सुमारे सव्वादोन लाख रुपयांचं क्रेडिट सप्लायरांच्या चुकांमुळे अडकलं होतं. मी खरेदीची सगळी बिलं 2बीशी ताडून सप्लायरनिहाय यादी केली, प्रत्येकाला चूक दाखवून दुरुस्ती करून घेतली आणि मुदतीआधी ते क्रेडिट मिळवलं. त्यानंतर दर महिन्याला 11 तारखेच्या आत सप्लायरांना आठवण करण्याची पद्धत सुरू केली.*

*रोजच्या एंट्री, बँक रिकन्सिलिएशन आणि दुकानदारांकडच्या येण्यांचा पाठपुरावाही माझ्याकडेच होता.*

*मे 2022 मध्ये घरातल्या आजारपणामुळे आणि मुलगी लहान असल्यामुळे मी नोकरी सोडली. आता पूर्णवेळ काम करायला मोकळी आहे. मधल्या काळात झालेले बदल, ई-इनव्हॉइसची नवी मर्यादा आणि सप्टेंबर 2025 पासूनचे जीएसटीचे दर, मी शिकून घेतले आहेत. टॅली प्राइमवर सराव सुरू आहे.*

*मी सांगलीत राहते, लगेच रुजू होऊ शकते. आपल्याला सोयीच्या वेळी भेटायला येईन. बायोडेटा जोडला आहे.*

एवढंच. छापलं तर अर्धं पान. ‘त्यानंतर दर महिन्याला’ हे वाक्य मी अंदाजाने घातलं आहे. तुम्ही तसं केलं नसेल तर ते काढून टाका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

खंडाचा परिच्छेद पुन्हा एकदा बघा. त्यात कारणाला एक वाक्य आहे आणि आत्ताच्या तयारीला तीन. तुम्ही मला सासूबाईंच्या आजारपणाचं जे लिहिलंत त्याबद्दल मला आदर आहे. तीन वर्षं घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं ही साधी गोष्ट नाही. पण पत्रात ते एका वाक्यापलीकडे नेऊ नका. लांबण लावली की वाचणाऱ्याला उगाच शंका येते की ही अडचण अजून संपलेली नाही. क्षमा मागण्याचा सूर तर अजिबात नको. तुमच्या जुन्या पत्रात ‘दुर्दैवाने’ असा शब्द आहे, तो काढा.

खंड एका ओळीत कसा सांगावा याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं, आणि तेही अकाउंट्स खात्यातल्या नोकरीच्या अर्जाचं आहे. 9 फेब्रुवारी 1912 रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या चीफ अकाउंटंटना कारकुनाच्या जागेसाठी पत्र लिहिलं. कॉलेजच्या परीक्षेत ते नापास झाले होते, पदवी नव्हती, मधली काही वर्षं नोकरीशिवाय गेली होती. पत्र मोजक्या वाक्यांचं. आपल्या कचेरीत जागा रिकामी असल्याचं कळलं, मी मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत, म्हणजे कॉलेजच्या सुरुवातीच्या परीक्षेपर्यंत, शिकलो, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, पण तेव्हापासून सगळा वेळ गणिताला दिला आहे, आणि हे काम मी नीट करू शकेन असा विश्वास आहे. शिक्षण का सुटलं याला अर्धं वाक्य, आणि लगेच पुढच्या वाक्यात तो काळ कशात घालवला ते. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र जोडलं होतं. ज्यांना अर्ज लिहिला ते नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. 1 मार्चला रामानुजन महिना 30 रुपयांवर रुजू झाले. त्यात शिफारशीचाही वाटा होता हे खरंच. तुम्हालाही जुन्या शेठकडून दोन ओळींचं पत्र मिळत असेल तर जरूर घ्या, आणि त्यांचा फोन नंबर संदर्भ म्हणून द्यायची परवानगी विचारा. सहा वर्षं ज्यांचे हिशेब सांभाळले ते नाही म्हणतील असं वाटत नाही.

पत्रात ‘शिकून घेतले आहेत’ असं लिहायचं तर ते खरोखर शिकलेलं हवं. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) 20 कोटींवरच्या उलाढालीला लागू होतं, 1 ऑगस्ट 2023 पासून ती मर्यादा 5 कोटींवर आली. म्हणजे कुपवाडमधले मध्यम कारखानेही त्यात आले. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री कुणी, कधी बदलली याची नोंद राहणं सक्तीचं झालं, टॅलीत त्याला एडिट लॉग म्हणतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंना राहिले नाहीत. या तीन गोष्टी मुलाखतीत विचारल्या जाण्याचा संभव मोठा आहे. त्यासाठी महागडा कोर्स लावायची गरज नाही. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, त्यात तारखा फक्त 1, 2 आणि 31 घालता येतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. खरेदी, विक्री, क्रेडिट नोट, जीएसटीचे रिपोर्ट, रोज तासभर करा. पंधरवड्यात बोटांना सगळं आठवेल.

आता दिरांच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हे करू नका. खोटा दाखला पकडणं आता अवघड राहिलेलं नाही. जुन्या नोकरीत पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, कंपन्या ती तपासतात. दुकानात नोकरी होती तर पगार बँकेत का आला नाही, हाही प्रश्न येतो. आणि समजा पकडलं गेलं नाही, तरी तुम्ही नोकरी मागताय हिशेबाची. कंपनीचे पैसे, बिलं, बँकेची लॉगिनं तुमच्या हातात येणार. त्या दाराने आत जाताना पहिलाच कागद खोटा असू नये, हे मला फार मनापासून वाटतं. शिवाय तुम्हाला त्याची गरज नाही. सहा वर्षांचं खरं काम तुमच्यापाशी आहे.

पाठवायच्या बाबतीत थोडं. पत्र वेगळ्या फाइलमध्ये जोडू नका, ईमेलमध्येच लिहा. पुष्कळ जण मेल मोबाइलवर पाहतात आणि दोन-दोन फाइली उघडत नाहीत. विषयाच्या ओळीत पद, शिक्षण, अनुभव आणि गाव येऊ द्या. बायोडेटा पीडीएफ करून, फाइलला स्वतःचं नाव देऊन जोडा, ‘न्यू रेझ्युमे फायनल 2’ असं नको. तुमच्या बायोडेटात वडिलांचं नाव, पतीचा व्यवसाय, धर्म, वजन-उंचीसुद्धा आहे. ते स्थळं बघतानाच्या बायोडेटातलं आहे, नोकरीसाठी लागत नाही, काढून टाका. आधार आणि पॅनची प्रत अर्जासोबत देऊ नका, नेमणूक झाल्यावर मागतील तेव्हा द्या. आणि मुलाखतीसाठी कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर तिथून परत फिरा.

‘रिस्पेक्टेड सर’ लिहावं की नाव लिहावं यावर रात्र घालवू नका. नाव ठाऊक असेल तर लिहा. जाहिरातीत नंबर दिला आहे, एक फोन करून अर्ज कुणाच्या नावे पाठवायचा हे विचारायला हरकत नाही. पगाराची अपेक्षा त्यांनी मागितलेली नाही, तुम्हीही लिहू नका.

हेच पत्र शिरोलीच्या फौंड्रीला जसंच्या तसं जाणार नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही सांगितलेल्या तिथल्या जाहिरातीत भर येणी वसुलीवर आहे. तिथे पहिला परिच्छेद तुम्ही दुकानदारांकडून थकलेले पैसे कसे आणलेत त्याचा हवा, आणि जीएसटी दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यात. रोज दहा अर्ज सोडण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीन, पण असे जाहिरात वाचून केलेले, पाठवा. आणि सांगलीहून शिरोलीला रोज कसं येणार-जाणार हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच, त्याचं उत्तर पत्रातच द्या, बसने किंवा कंपनीच्या गाडीने, जे ठरवलं असेल ते.

कुपवाडच्या अर्जाला अजून दहा दिवस आहेत. आजच मराठीत लिहून काढा, एक रात्र बाजूला ठेवा, मग इंग्रजी करा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल ते वाक्य तोडा. पाठवल्यावर आठवडाभर थांबून एकदा फोन करायचा, पण तारीख पाहून. 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला 3बी, या दिवसांत अकाउंट्स खात्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. 21 नंतर, सकाळी अकराच्या सुमाराला करा.